नाशिकमध्ये नवं घर बांधताना: ऊन अडवणारं साहित्य कुठे, कोणतं आणि किती

एप्रिलमध्ये नाशिकला दुपारी पारा ३८-४० अंशांवर जातो आणि पहाटे तोच २०-२२ पर्यंत उतरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची आणि कोरडी हवा, यामुळे उन्हाळ्यातही रात्र गार होते. मुंबईला हे मिळत नाही. त्यामुळे मुंबईच्या घराचा नमुना उचलून इथे लावला की पैसे भलत्याच जागी खर्च होतात. नाशिकच्या घराला मुख्यतः दोन गोष्टी साधाव्या लागतात. दिवसा ऊन घराबाहेरच अडलं पाहिजे आणि रात्रीची गार हवा आत फिरून भिंती, फरशी गार करून गेली पाहिजे. साहित्याची निवड या दोन्हींवरून करायची. खर्चाचा क्रमही तिथूनच ठरतो: आधी गच्ची, मग पश्चिमेची बाजू, मग बाकीचं.

गच्ची पहिली का, हे सूर्याच्या वाटेवरून कळतं. नाशिक २० अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही, पश्चिमेला फक्त दुपारनंतर लागतं, आणि गच्ची मात्र सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत तापत राहते. दुपारी तापलेला स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत खाली उष्णता सोडतो. पंख्याखाली झोपूनही वरून गरम झळ येते ती याचीच.

गच्ची

पाच इंची स्लॅब, खाली गिलावा आणि वर चार इंच वीटतुकड्यांचा कोबा, ही आपल्याकडची नेहमीची गच्ची. तिची यू-व्हॅल्यू सुमारे २.३ येते. आत आणि बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता जाते, तो आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू. आकडा लहान तितकं छत चांगलं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी लिहिलेली असली, तरी दीड-दोन गुंठ्यांवरच्या घरालाही मोजपट्टी म्हणून ती उपयोगी पडते. म्हणजे आपली सवयीची गच्ची मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट उष्णता आत सोडते.

त्यात २५ मिमी जाडीची एक्सपीएस (कडक पॉलिस्टायरीन फोमची) शीट घातली की आकडा ०.७७ च्या आसपास येतो. ५० मिमी घातली की ०.४६. पहिल्या इंचाने सर्वांत मोठी उडी मिळते, दुसऱ्याने बरीच कमी. तरीही ५० मिमीच घ्यावी, कारण मजुरी, वॉटरप्रूफिंग, वरचा कोबा हे सगळं दोन्हींना सारखंच लागतं आणि ही गच्ची पुन्हा कोणी उकरणार नसतं. १०० मिमीवर मात्र नाशिकमध्ये पैसे घालू नयेत. तेवढ्या पैशांत पश्चिमेच्या खिडक्यांना सावली करता येते.

एक्सपीएस आणि पांढरं थर्माकोल यांची गल्लत करू नका. थर्माकोल म्हणजे ईपीएस. त्यात दाण्यादाण्यांमधून पाणी शिरतं, आणि भिजलेलं थर्माकोल उष्णता अडवत नाही. एक्सपीएसचे कप्पे बंद असतात, म्हणून ते वॉटरप्रूफिंगच्या वर ओलीत राहू शकतं. घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर मागा. १.२५ मीटर लांब, ०.६ मीटर रुंद, ५० मिमी जाड शीटचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरलं पाहिजे. एक किलोच्या खाली भरत असेल तर माल हलका आहे, परत पाठवा. हजार चौरस फूट गच्चीला अशा १२४ शीट लागतात. कापाकापी धरून १३० मागवा.

आता थरांचा क्रम. बहुतेक गच्च्या इथेच बिघडतात, म्हणून सावकाश वाचा.

स्लॅबबरोबरच पाण्याच्या टाकीचे, सोलर पॅनेलचे आणि सोलर हीटरचे चौथरे ओतून घ्या. पॅनेल आज बसवणार नसलात तरीही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर कोणी ड्रिल घेऊन गच्चीवर चढला की एका भोकात सगळी मेहनत वाया जाते. पॅनेलची सावली गच्चीला गार ठेवते, हा वरचा फायदा.

स्लॅबला पाणी मारण्याचे दिवस पूर्ण झाले की त्यावर उताराचा थर करा, दर शंभरास एक, म्हणजे आठ फुटांना साधारण एक इंच. उतार वॉटरप्रूफिंगच्या खाली हवा. अनेक ठिकाणी सपाट स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करून उतार फक्त वरच्या कोब्याला देतात. झिरपलेलं पाणी मग खाली शीटच्या तळाशी साचून राहतं आणि एखाद्या वर्षाने छताला ओल दिसू लागते. पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, जिथे गच्चीला भेटतो तिथला कोपरा मालाने गोल करून घ्या (गवंडी याला वाटा म्हणतात). मग वॉटरप्रूफिंग: पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा, आणि पॅरापेटवर एक फूट वरपर्यंत. सुकल्यावर गच्चीत ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून प्रत्येक खोलीचं छत, प्रत्येक पाइपचा गळा हाताने चाचपून पाहा. ही चाचणी झाल्याशिवाय एकही शीट वर चढू देऊ नका.

शीट विटांसारख्या सांधा चुकवून मांडा. कडेला खाच असलेल्या मिळाल्या तर उत्तम. दोन शीटमध्ये फट राहिली तर शीटचाच तुकडा कापून ठोका, तिथे माल भरू नका, कारण सिमेंटची ती रेघ उष्णता थेट खाली नेते. चिकटवायला पेट्रोलियम द्रावक असलेला गोंद किंवा प्रायमर वापरला की एक्सपीएस अक्षरशः विरघळतं. गरम डांबरानेही तेच होतं. शीट उन्हात आठवडेच्या आठवडे उघड्या ठेवल्या तर पृष्ठभागाची पिवळी भुकटी होते, आणि वैशाखातल्या वावटळीत त्या शेजारच्या प्लॉटवर जाऊन पडतात. म्हणून सकाळी मांडा आणि शक्यतो त्याच दिवशी झाका. घमेली वाहणाऱ्यांसाठी वर फळ्या टाका, नाहीतर टाचेखाली कडा तुटतात.

शीटवर जिओटेक्स्टाइलचं (पाणी झिरपू देणारं) कापड, चार इंच एकमेकांवर चढवून, सुटंच अंथरा. त्यावर बारीक खडीचा दोन इंच काँक्रीटचा थर, मधोमध जाळी. हा थर आठ-दहा फुटांच्या चौकोनांत तोडा, सांधे भरायला लवचीक सीलंट वापरा. शीटवरचा थर खालच्या स्लॅबपासून सुटा असतो, त्यामुळे तो उन्हात जास्त तापतो आणि जास्त फुगतो. सलग ओतला तर पहिल्याच उन्हाळ्यात तडे पडतात. पाणी जायचा पाइप दोन पातळ्यांवर पाणी घेईल असा हवा: वरच्या फरशीवरचं आणि खाली वॉटरप्रूफिंगपर्यंत झिरपलेलं.

एवढे थर म्हणजे वजन फार, अशी शंका येते. हिशेब करून पाहा. चार इंच कोबा चौरस मीटरला १८० ते २०० किलो. इथे उताराचा थर सरासरी दीड इंच आणि वरचा दोन इंच मिळून जेमतेम तेवढेच होतात, आणि शीटचं वजन दोन किलोही नाही. कोबाही करायचा आणि त्यावर हेही, असं मात्र करू नका. इंजिनीअरला थरांची जाडी स्लॅब ओतण्याआधीच लिहून द्या.

सर्वांत वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत टाइल्सच्या तुकड्यांचा थर. करडं सिमेंट पडलेल्या उन्हापैकी साधारण ३० टक्के परतवतं, नवा पांढरा पृष्ठभाग ७० ते ८० टक्के. रंगाची पांढरी कोटिंग स्वस्त पडते, पण काही वर्षांनी ती पुन्हा मारावी लागते. मोझॅक टिकतो. दोन्ही धुळीने आणि पावसाळ्यातल्या शेवाळाने मळतात, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत आणि पुन्हा मार्चमध्ये गच्ची घासून धुवा. मळलेली पांढरी गच्ची आणि करडी गच्ची यांत फारसा फरक उरत नाही. हात फारच आखडता असेल तर शीट पुढे ढकला, पण वॉटरप्रूफिंग नीट करून पृष्ठभाग पांढरा नक्की करा. मोठा परिणाम देणारा याहून स्वस्त उपाय नाही.

खालून फॉल्स सीलिंग करून वर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) भरणं हा दुय्यम मार्ग आहे. स्लॅब तापतच राहतो, आणि गळती लागली तर सीलिंगमागे महिनोन् महिने लपते. ज्यांच्यावर दुसऱ्याची गच्ची आहे, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचे फ्लॅटधारक, त्यांना मात्र हाच पर्याय असतो. त्यात थर्माकोल भरू नका, ते पेटतं. रॉकवूल पेटत नाही. बबल असलेला अॅल्युमिनियमचा चकचकीत कागद लावायचा असेल तर त्याच्या चकचकीत बाजूसमोर किमान एक इंच मोकळी हवा ठेवावी लागते. पृष्ठभागाला चिकटवून लावलेला कागद जवळपास काहीच करत नाही, आणि बाजारात तो नेमका तसाच लावून दिला जातो.

भिंती

नऊ इंची विटेची भिंत, दोन्हीकडे गिलावा: यू-व्हॅल्यू २ च्या आसपास. १५० मिमी एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक कप्पे असलेला सिमेंटचा हलका ब्लॉक): ०.९५. २०० मिमी एएसी: ०.७५. चार इंची, म्हणजे १०० मिमी एएसी: १.३. सोसायट्यांच्या जाहिरातींत नुसतं 'एएसीचं बांधकाम' लिहिलेलं असतं, जाडी विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

फ्लाय अॅशच्या विटेबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रामुळे राख जवळ मिळते, वीट भट्टीत भाजावी लागत नाही, सुपीक मातीही वाचते. या कारणांसाठी ती जरूर वापरावी. पण ती उष्णता अडवते हे खरं नाही. भाजलेल्या विटेइतकीच उष्णता ती आत सोडते. पोकळ सिमेंट ब्लॉकचंही तसंच.

मग घरभर एएसी लावायचं का? नाही. जुन्या नाशिकमधल्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती दुपारभर आतलं वातावरण सांभाळतात ते त्यांच्या जडपणामुळे. रात्री गार झालेली जड भिंत दिवसा खोलीतली उष्णता पिऊन घेते. एएसी हलकं असल्याने ते हे काम करत नाही. म्हणून बाहेरच्या भिंती २०० मिमी एएसीच्या आणि आतल्या भिंती विटेच्या किंवा फ्लाय अॅशच्या, हा मेळ नाशिकला सर्वांत छान बसतो. बाहेर अडवणारं, आत साठवणारं. दोन साहित्यांचा सांधा कॉलमपाशीच येईल असा आराखडा करा, भिंतीच्या मध्ये आला तर तिथे हमखास तडा जातो.

वीटच वापरायची असेल तर निदान पश्चिमेची भिंत दुहेरी करा. चार-चार इंचांच्या दोन पडद्या (पातळ भिंती), मधे दोन इंच पोकळी. नुसती हवा ठेवली तर यू-व्हॅल्यू १.५ च्या आसपास, पोकळीत ५० मिमी एक्सपीएस घातलं तर ०.४५. दोन्ही पडद्या दर दीड फूट उंचीला आणि अडीच-तीन फुटांवर गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलच्या टायने (आडव्या पट्टीने) बांधा, आणि पोकळीच्या तळाशी बाहेरच्या पडदीत पाणी निघायला बारीक भोकं ठेवा. गवंड्याच्या थापीतून सांडणारा माल पोकळीत पडत गेला तर त्याच ढिगातून ओल आत येते. पोकळीत एक फळी दोरीला बांधून थराबरोबर वर ओढत न्या, पडलेला माल तिच्यावरच जमतो. ही भिंत फक्त आरसीसी सांगाडा असलेल्या घरात करायची, भार घेणाऱ्या भिंतीला नाही.

एएसीचे तडे हा सर्वांत जास्त ऐकू येणारा त्रास. दोष बहुतेक वेळा ब्लॉकचा नसतो, घाईचा असतो. कारखान्यातून आलेला ताजा ब्लॉक ओला असतो, वाळताना आकसतो. म्हणून माल साइटवर उंचावर, वरून झाकून, दोन-तीन आठवडे वाळू द्या. ६०० बाय २०० बाय २०० मिमीचा कोरडा ब्लॉक १३ ते १५.५ किलो भरतो. १८-१९ भरत असेल तर तो अजून पाणी धरून आहे. विटेसारखे ब्लॉक हौदात बुडवू नका, ब्रशने पृष्ठभाग ओला करणं पुरे. जोडाला तयार चिकट माल, तीन मिमी. जाड सिमेंटचा जोड दिला तर तोच उष्णतेचा रस्ता होतो. दिवसाला चार-साडेचार फुटांपेक्षा उंच चढू नका. चार फुटांवर आरसीसी पट्टी द्या. वर बीमला भिडवताना अर्धा इंच फट ठेवून ती पंधरा दिवसांनी भरा. बीम-कॉलम आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर गिलाव्याआधी एक फूट रुंद फायबरची जाळी हवीच. गिलावा सिमेंट जास्त घालून कडक करू नका. सिमेंट-वाळू १:६ ठीक, तयार हलका गिलावा त्याहून चांगला. बाथरूमच्या भिंतींना विटाच घ्या.

एएसी मोजायला सोपं आहे: १०० चौरस फूट भिंतीला ६०० बाय २०० मिमीचे ७८ ब्लॉक, तूट धरून ८२. भारतीय मानक २१८५ भाग ३ प्रमाणे घनमीटरला ५५१ ते ६५० किलो घनतेच्या पहिल्या प्रतीच्या ब्लॉकची ताकद किमान ४ न्यूटन प्रति चौरस मिमी हवी. त्या लॉटचा चाचणी अहवाल मागा.

त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे बांधत असाल तर पश्चिमेचा पाऊस भिंतीला झोडपतो. तिथे एएसीला बाहेरून पाणी अडवणारा रंग आणि रुंद छज्जे यांत कसर नको. सिन्नर, निफाड, येवल्याच्या कोरड्या पट्ट्यात ती काळजी कमी, पण निफाडच्या जानेवारीतल्या थंडीत याच गच्ची-भिंती उलट्या दिशेने कामी येतात.

खिडक्या आणि छज्जे

पश्चिमेच्या चार बाय चार फुटांच्या, सावली नसलेल्या काचेतून दुपारी चार वाजता साधारण ७०० वॅट उष्णता आत येते, म्हणजे खोलीत छोटा हीटर लावल्यासारखंच. पडदा लावून ती अडत नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. अडवायचं तर बाहेरून.

दक्षिणेला हे सोपं आहे. चार फूट उंच खिडकीवर दीड फुटी छज्जा दिला तर २१ मार्चला दुपारी पूर्ण खिडकी सावलीत जाते, आणि डिसेंबरात सूर्य ४७ अंशांपर्यंत खाली आल्यामुळे तिच्या खालच्या सव्वादोन-अडीच फुटांतून हवंहवंसं ऊन आत येतं. पश्चिमेला छज्जा हरतो. एप्रिलमध्ये साडेचार वाजता दोन फुटी छज्ज्याची सावली जेमतेम सव्वा फूट पडते. तिथे खिडक्या कमी आणि लहान ठेवा, आणि लाकडी झडपा, उभ्या पट्ट्या किंवा बाहेरून सरकणारी जाळी लावा. जिना, बाथरूम, स्टोअर पश्चिमेला ढकलले तर त्याच खोल्या झोपायच्या खोल्यांची ढाल होतात. मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडे मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही पश्चिमेच्या अंगाला एक उभी पडदी द्या.

दुहेरी काच एकेरीच्या निम्मी उष्णता आत सोडते (यू-व्हॅल्यू ५.८ वरून २.८), पण थेट उन्हाला ती फारसं अडवत नाही. एसी नसलेल्या घरात दुहेरी काचेचे पैसे बाहेरच्या सावलीवर घाला. मुंबई-आग्रा हायवेलगत आवाजासाठी हवी असेल तर गोष्ट वेगळी.

रात्रीची हवा आत घ्यायची तर उघडणारा भाग खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान आठवा हिस्सा हवा, आणि तोही समोरासमोर. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, हे धरूनच माप काढा. डास आणि चोरी यांच्या भीतीने लोक रात्री खिडक्या बंद करतात, आणि तिथेच नाशिकची गार रात्र वाया जाते. म्हणून ग्रिल आणि बारीक जाळी बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरा. जिन्याच्या वरच्या खोपटात एक उघडणारी खिडकी ठेवा. घरातली गरम हवा तिथून वर निघून जाते.

तळमजल्याच्या फरशीखाली इन्सुलेशन नको. जमीन इथे उन्हाळ्यात गारवा देते, तो तोडू नका. कोटा, शहाबाद, कुठलीही दगडी फरशी चालेल.

करारात काय लिहायचं

'गच्चीला इन्सुलेशन' इतकंच लिहिलेलं अंदाजपत्रक घेऊ नका. शीटचा प्रकार, जाडी, घनता, प्रत्येक शीटचं वजन, जिओटेक्स्टाइल कापडाच्या वजनाचा आकडा, ४८ तास पाणी भरून चाचणी, असं एकेक ओळीत लिहून घ्या. गच्चीचं काम नोव्हेंबर ते मे या काळात बसवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी एक तपासणी करा. एप्रिलच्या एखाद्या निरभ्र दिवशी दुपारी चारला आणि रात्री नऊला इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक खोलीच्या छताचं तापमान दर तीन फुटांवर मोजून कागदावर लिहा. जिथे एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम भरतो, तिथे शीटमध्ये फट आहे किंवा शीट घातलेलीच नाही. ती जागा उघडून दाखवायला सांगा. उरलेल्या चार-पाच शीट टाकून देऊ नका, पुढे पाइप बदलताना गच्ची फोडावी लागली तर त्याच जाडीची शीट लगेच हाताशी असते.